मुक्या चिलमी

चिलीम ओळखायची कशी, हे सरकारनं ठरवलं तेव्हा फार डोकं लावलं नसावं. वस्तू तोंडाला लावायची आणि फुंकायचं. वारा आरपार गेला तर चिलीम, नाही गेला तर भांडं. निरीक्षक साहेबांना वरून तसा हुकूमच आला होता, आणि नेमका त्यांना दमा होता.

पहिल्यांदा ते कुंभाराच्या घरी आले तेव्हा अंगणातल्या पालथ्या रांजणावर बसले आणि एकेक चिलीम उचलून फुंकायला लागले. माल उघड्यावरच मांडलेला होता. त्यात लपवण्यासारखं काही असतं हे त्या घराच्या गावीही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरत होतं आणि चाकावरून चिलमीच उतरत होत्या. फुंकून फुंकून साहेबांचे ओठ मातीचे झाले, कपाळावर शिरा उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिशातून औषधाचा पंप काढून तोंडात मारला आणि जरा वेळ डोळे मिटून बसले.

"मी फुंकू का साहेब?" बरोबरचा शिपाई म्हणाला.

"तपासणी अधिकाऱ्यानंच करायची असते," असं म्हणून साहेबांनी पुढची चिलीम उचलली.

घरच्या सुनेनं तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, सगळ्यांनाच भोक आहे. चिलमीच आहेत त्या. कशाला उगीच जीव दमवताय?"

साहेबांनी पाणी पिऊन तिच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, मलाही दिसतंय," ते म्हणाले. "पण कागदावर फुंकून बघा असं लिहिलंय."

मग त्यांनी कागद वाचून दाखवला. गांजा, चरस असलं काही ओढायची साधनं यापुढे कुणालाही कुठेही विकता येणार नाहीत. परवाना मिळेल तो दुकानदाराला, तोही तंबाखूपुरता, शाळेपासून लांब, लहान पोरांच्या हाती काही न देण्याच्या अटीवर. बनवणाऱ्यानं परवान्याशिवाय बनवायचं नाही. पहिल्यांदा माल सापडला तर माल जप्त, दुसऱ्यांदा सापडला तर भट्टीला सील, आणि ते सील अख्खा हंगाम निघायचं नाही. सुनेचा नवरा, म्हणजे आता घर चालवणारा कुंभार, कपाळाला हात लावून ऐकत होता. त्याला परवान्याची भाषा कळत नव्हती, पण भट्टीला सील म्हणजे काय ते बरोबर कळलं. पावसाआधी भट्टी पेटली नाही तर वर्षभर चूल कशावर पेटणार होती?

"सही कर," शेडमधून आवाज आला. सुनेचे सासरे, आबा, चाकाजवळ बसून सगळं ऐकत होते. "यापुढे चिलीम करणार नाही, असं लिहून दे त्यांना."

"आबा, अहो—"

"कर म्हणतो ना."

आबांनी स्वतः कधी चिलीम ओढली नव्हती. नुसती तोंडाला लावून ओढ बघायचे आणि बाजूला ठेवायचे. पण त्यांच्या धाकट्या मुलानं बापाच्याच हातच्या चिलमीतून गांजा ओढायला सुरुवात केली, आणि आता तो लांबच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. भेटायला गेलं की कधी ओळखायचा, कधी ओळखायचा नाही. तेव्हापासून आबांना आपला धंदा नकोसा झाला होता. पण हातांना दुसरं येत नव्हतं, म्हणून चाललं होतं. शिपायानं माल पोत्यांत भरून नेला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "सोडवलं एकदाचं."

चिलमी नेणारा व्यापारी दोन-चार दिवसांनी आलाच. तो मोठा हसतमुख गडी होता. त्यानं परवाना काढला होता, दुकानात पाटी टांगली होती 'फक्त तंबाखूसाठी', आणि गिऱ्हाईक पाटी वाचून हसतं नि चिलीम घेऊन जातं, हे तो स्वतःच हसत हसत सांगत होता. "तुम्ही झाकून द्या, मी झाकून नेतो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "साहेब काय रोज येतोय फुंकायला?"

कुंभाराच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, नाही असं नाही. पण आबांनी शेडमधून विचारलं, "तुझी पोरं काय करतात रे आता?"

"शाळेत जातात."

"बरं आहे. जा मग, त्यांना घरी घेऊन जायची वेळ झाली असेल."

व्यापारी गेला. चाक मात्र थांबलं ते थांबलंच.

या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. आबांची नजर गेली होती. एकदम नाही, हळूहळू, मडक्यातलं पाणी पाझरून कमी होतं तशी. डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून जायचे. पावलावरून माणूस ओळखायचे आणि समोरच्यानं बोलायच्या आतच "या, बसा" म्हणायचे, म्हणजे कुणाला संशय यायला नको. खाटेवरून चाकापर्यंत, चाकावरून पाण्याच्या हौदापर्यंत कुठेही न अडखळता जायचे. सुनेनं एकदा झाडताना बादली जागची हलवली आणि आबा त्यात पडता पडता वाचले, तर "बादली मध्येच कशाला ठेवायची, मी काय बघून चालत नाही का?" म्हणून तिलाच झापलं. तेव्हापासून ती घरात कुठलीच वस्तू जागची हलवत नव्हती. तिनं कधी त्यांना दिसत नाही म्हटलं नाही आणि त्यांनी कधी दिसतं म्हटलं नाही. सासरा-सुनेचं छान जमलं होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा रोपवाल्या बाई आल्या. त्यांची मोठी रोपवाटिका होती, झाडं विकायच्या. पाणी घालायला माणसं मिळत नव्हती, रोपं माना टाकत होती. त्यांनी काडीनं अंगणातल्या मातीत चित्र काढलं. "वर तोंड रुंद. आत पोकळ. खाली निमुळतं होत जाणार, आणि टोक बंद. हे रोपाच्या मुळाशी खोचायचं आणि पाणी भरून ठेवायचं. माती हळूहळू पाझरते, रोप आपलं आपण पीत राहतं. जमेल?"

सुनेनं चित्र पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं. आबांनी चित्राकडे पाहिलंच नाही. बाई बोलत होत्या तेव्हा त्यांची बोटं हवेत तो आकार वळत होती.

"म्हणजे चिलीमच की," आबा म्हणाले. "फक्त मुकी."

बाई हसल्या. "मुकीच पाहिजे हो. भोक पडलं तर पाणी भसकन निघून जाईल आणि माझं रोप कुजेल. माल चांगला निघाला तर दर उन्हाळ्याला तुमच्याकडूनच घेईन."

त्या दिवसापासून घरात त्या वस्तूला दुसरं नाव पडलं नाही. मुक्या चिलमी.

काम सुरू झालं आणि घराला घरपण आलं. कुंभार पहाटेच तळ्याकाठची माती खणून आणायचा. सून ती चाळायची, बारीक वाळू मिसळायची, पाणी शिंपून पायांनी तुडवायची. टाचेच्या भेगांत माती जाऊन बसायची आणि झोपताना ठणकायची, पण ते दुखणं तिला आवडत होतं. रिकामे दिवस तिनं पाहिले होते. मळलेला गोळा ती आबांच्या उजव्या हाताशी ठेवायची. आबा तो चाकाच्या मध्यावर आपटायचे, ओल्या हातांत घेऊन वर चढवायचे, आणि अंगठा आत जाता जाता चिलमीचा घाट उभा राहायचा. मग दोऱ्यानं खालून कापून ती डाव्या बाजूच्या फळीवर. लगेच पुढची. एकीची उंची दुसरीपेक्षा तसूभर वेगळी नसायची. त्या हातांना डोळे लागतच नव्हते. सून कधी कधी तुडवता तुडवता थांबून बघत राहायची आणि आपण काय बघतोय हे त्यांना कळत नाही याचं तिला बरंही वाटायचं, वाईटही.

पूर्वी या कामाचा दुसरा टप्पा असायचा. सकाळी फळीवर गेलेल्या चिलमी दुपारपर्यंत निम्म्या वाळायच्या, सुरी लावली तर कापल्या जातील आणि बोटानं दबणार नाहीत अशा. मग आबा फळी डाव्या गुडघ्याशी ओढून घ्यायचे आणि एकेकीच्या टोकातून छत्रीची तार आरपार घालायचे. ती तार एका मोडक्या छत्रीची होती, धरून धरून चकचकीत झालेली, आणि चाकाजवळच्या लाकडी खांबात खोचलेली असायची. भोक पाडलेल्या चिलमी ते एकीच्या तोंडात दुसरीचं टोक अशा रचून ठेवायचे, म्हणजे जागा कमी लागते आणि भट्टीत उचलून ठेवता येतात. मुक्या चिलमींना तारेचं काम नव्हतं. पण ती खांबातून काढावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

दुपारी नवरा-बायको दोघंही बाहेर असायचे. तो लाकूडफाटा आणायला, ती गिरणीवर भुशासाठी. जाताना ती सांगायची, "आबा, फळ्या तुमच्याजवळच आहेत. कोंबड्यांकडे लक्ष असू द्या."

"जा तू. मी आहे ना इथं."

परत येऊन बघावं तर आबांनी सगळ्या चिलमी एकात एक घालून नीट रचून ठेवलेल्या असायच्या. तिला तेवढंच काम वाचायचं. "आबा, उगीच कशाला त्रास घेतलात?" ती म्हणायची. आबा खूश व्हायचे. "बसून बसून काय करू? हात शिवशिवतात."

भट्टी रचणं आणि लावणं हे सुनेचं काम होतं. सासूनं मरण्याआधी तिला ते शिकवलं होतं, आणि लग्न झाल्यापासून तिची एकही भट्टी कच्ची राहिली नव्हती. घरात तिला कशाचा तोरा असेल तर तो याचाच. रचलेल्या चिलमींचे खांबच्या खांब उचलून तिनं भट्टीत उभे केले, भोवती लाकडं, वर भुसा, त्यावर खापऱ्यांचं झाकण. आच हळू चढवली, धुराचा रंग बघून भुसा वाढवला, आणि मग थंड होईपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

ज्या सकाळी भट्टी उघडली, त्या सकाळी ती मनातून गुणगुणत होती. वरच्या खापऱ्या काढल्या तेव्हा आतला माल एकसारखा लाल दिसत होता. तिनं एक चिलीम उचलून नखानं वाजवली. खणखणीत. नवऱ्याला दाखवावं म्हणून तिनं ती हौदात बुडवली, पाण्यानं भरली आणि धरून उभी राहिली, आता बाहेरून घाम फुटल्यासारखी ओल दिसेल म्हणून.

पाणी तिच्या पायावर पडलं. सगळंच.

तिनं चिलीम उलटी केली. टोकाला भोक होतं, तारेएवढं, गोल. तिनं दुसरी उचलली. तिलाही. नवरा पुढे आला, त्यानं तिसरी, चौथी उचलून डोळ्याला लावली आणि पलीकडचा उजेड बघितला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, तू हातानं रचल्यास ना या? बघितलं नाहीस?"

तिला कबूल करावं लागलं. बघितलं होतं. रचताना वरच्या टोकाचं भोक तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण ते खटकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं टोकाला भोक नसलेली चिलीम पाहिलीच नव्हती. भोक नसतं तर कदाचित खटकलं असतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, आणि दोघांनीही शेडकडे पाहिलं. आबा चाकावर काम करत होते. उरलेल्या मालाची शेवटची खेप चालली होती, काल संध्याकाळी भरलेली फळी सावलीत निम्मी वाळून तयार होती. भट्टी कशी निघाली हे त्यांना विचारायचं होतं, पण विचारत नव्हते. चांगली निघाली असं सांगत कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होते.

नेमकी तेव्हाच फाटकाशी मोटारसायकल थांबली. साहेब उतरले, मागून शिपाई. कुंभारानं घाईघाईनं भट्टीवर भुसा लोटायला घेतला, त्यामुळे तर साहेबांचं लक्ष सरळ तिथंच गेलं. भुसा बाजूला करून त्यांनी एक चिलीम उचलली, पुसली, तोंडाला लावली आणि फुंकली. बारीक शिटी वाजली.

शेडमधलं चाक थांबलं. पन्नास वर्षं ज्यानं तो आवाज ऐकला, त्याला तो काय आहे हे कुणी सांगायला नको होतं.

"लिहून दिलं होतं ना मला?" साहेब म्हणाले.

"साहेब, ही रोपवाटिकेची ऑर्डर आहे. झाडांना पाणी घालायची वस्तू आहे ही," कुंभार म्हणाला.

"यात पाणी राहतं?"

कुंभारानं हाताला लागलेला भुसा झटकला.

"बघ, मलाही कामं आहेत. व्यापारी तुमच्याकडे येऊन गेला, ते माझ्या कानावर आलंय."

"चूक झाली साहेब. खरंच, चुकून झालं."

"सगळ्याच्या सगळ्यांना? चुकून?" साहेबांनी आणखी एक फुंकली, आणखी एक, आणि मग पंप काढून तोंडात मारला. त्यांना राग येण्यापेक्षा कंटाळाच जास्त आला होता. त्यांनी पिशवीतून लाखेची कांडी आणि सीलचा दोरा काढला.

"चूक नाही ती."

आबा शेडच्या दाराशी येऊन उभे होते. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. "मी केल्यात. मुद्दाम. या पोरांना काही माहीत नाही. लपून विकणार होतो."

कुंभार बापाकडे बघतच राहिला. सुनेला मात्र एका क्षणात सगळं कळलं. स्वतःच्या पोटच्या पोराला ज्यानं खाल्लं तो धंदा आबा लपून करतील हे शक्य नव्हतं. त्यांच्या हातांनी काय केलं ते त्यांना आत्ता, शिटी ऐकून समजलं होतं. आणि आपल्या हातांनी काय केलं हे आपल्याला दिसलं नाही, असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा त्यांनी हे निवडलं होतं. चोर म्हणवून घ्यायला म्हातारा तयार होता, आंधळा म्हणवून घ्यायला नव्हता.

"आबा, काय बोलताय?" कुंभार म्हणाला.

"तू गप्प बस. साहेब, लावा तुमचं सील."

सुनेच्या जिभेवर आलं होतं, साहेब, यांना दिसत नाही. चारच शब्द होते. इतकी वर्षं ते शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते आणि आत्ताही तिला उच्चारवेनात. पण भट्टी सील झाली तर रोपवाल्या बाई दुसरीकडे जाणार, नवरा खडी फोडायला जाणार, आणि आबा उरलेलं आयुष्य हात मांडीत घेऊन बसणार, हे तिला समोर दिसत होतं.

"साहेब, त्यांना बसून बोलू द्या," ती म्हणाली. "पाय थरथरतात त्यांचे."

तिनं आबांना धरून चाकाजवळ त्यांच्या जागी बसवलं. मग सावलीतली कालची फळी उचलली आणि अलगद आणून त्यांच्या डाव्या गुडघ्याशी टेकवली. नेहमीच्या जागी. साहेब काही बोलणार तेवढ्यात तिनं त्यांच्याकडे बघून हातानं खूण केली, जरा थांबा.

साहेबांना खूण कळली की नाही कोण जाणे, पण प्रश्न त्यांना विचारायचेच होते. "माल कुठे द्यायचा ठरलं होतं?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला गोष्ट जुळवायला वेळ लागतो. आबांनी मान वर करून विचार केला. त्यांचा डावा हात खांबाकडे गेला, तार काढून त्यानं उजव्या हातात दिली. "तळ्याच्या वाटेवर," ते म्हणाले. डाव्या हातानं फळीवरची चिलीम उचलली. तार टोकातून आरपार गेली, बाहेर आली. चिलीम खाली, दुसरी वर.

"कधी?"

"बाजाराच्या दिवशी." तार आत, तार बाहेर.

"आजोबा, खरं सांगा. चुकून झालं असेल तर तसं लिहिता येतं मला."

"मी चुकून काही करत नाही साहेब," आबा ताठ बसून म्हणाले. तिसरीत चौथीचं टोक बसवून त्यांनी पाचवी उचलली. "चिलमी करत आलोय जन्मभर. माझा हात माझ्या हुकमाबाहेर जात नाही. मी म्हटलं करायचं तर करतो, नाही म्हटलं तर नाही."

शिपाई तोंड उघडं टाकून बघत होता. कुंभारानं मान फिरवली. साहेब हळूच वाकले, रचलेल्यातली एक ओली चिलीम त्यांनी उचलली आणि तोंडाला लावून फुंकली. ओल्या मातीचा आवाज जाड येतो. तो आला.

आबांचे हात थांबले. त्यांनी उजव्या हातातली तार बोटांनी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ती फळीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन बसले.

साहेबांनी लाखेची कांडी पिशवीत टाकली. "लिही," ते शिपायाला म्हणाले. "माल सदोष निघाला. जागेवर नष्ट केला." मग कुंभाराकडे वळून, "फोडा सगळ्या माझ्यासमोर. मला दाखवल्याशिवाय आता एकही नग बाहेर जायचा नाही." जाता जाता ते शेडच्या दाराशी थांबले आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "आजोबा, डोळे दाखवून घ्या डॉक्टरला."

"ऐकू येतं मला," आबा म्हणाले.

लाकडी मोगरीनं नवरा-बायकोनं सगळा माल फोडला. चांगला भाजलेला असल्यामुळे फुटायलाही वेळ लागला. आबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होते.

त्यानंतर ते सुनेशी बोलेनात. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, पाणी दिलं की प्यायचे, पण शब्द नाही. चाकाकडे फिरकले नाहीत. खाटेवरून उठताना आता भिंतीचा आधार घ्यायला लागले होते, उघडपणे, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

"तू तरी कशाला त्यांना असं चारचौघांत..." नवरा एकदा म्हणाला.

"मग काय, भट्टीला लाख लावू द्यायची होती?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस."

ती मागच्या दारी जाऊन रडली. तिला वाईट वाटत होतं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा फळी उचलू हे माहीत असल्यामुळे आणखी वाईट वाटत होतं.

मग रोपवाल्या बाई माल न्यायला आल्या. अंगणात खापऱ्यांचा ढीग बघून त्यांचा चेहराच पडला. "हे काय झालं हो? कुणी बिघडवलं?"

आबा खाटेवर उठून बसले. कुंभारानं बायकोकडे पाहिलं.

"भट्टी कच्ची राहिली," सून म्हणाली. "माझंच चुकलं. आच बरोबर दिली नाही मी."

"तुमच्याकडून? तुमच्या भट्टीचं तर मी किती ऐकलं होतं."

"व्हायचं ते झालं बाई. थोडी मुदत द्या, यावेळी नीट करते."

बाईंनी कुरकुर करत मुदत दिली. रोपं तशीही थांबणार नव्हती आणि दुसरा कुंभार जवळपास नव्हता. त्या गेल्यावर सून ढिगाऱ्यापाशी बसून खापऱ्या कुटायला लागली. बारीक भुकटी झाली की नव्या मातीत मिसळता येते. आबा बराच वेळ बसून होते. मग आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळलेली माती घेऊन शेडच्या दाराशी आली, तर आबा चाकावर येऊन बसलेले. चाक रिकामंच फिरवत होते. तिच्या पावलांचा आवाज ऐकून ते थांबले.

"छत्रीची तार आहे का खांबाला?"

"आहे."

"काढून टाक ती. आणि फळी उजवीकडे लावत जा. डावीकडे नको."

"बरं आबा." ती दारातच उभी राहिली. आबा आणखी काहीतरी बोलणार होते, ते तिला दिसत होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"त्या दिवशी तू फळी टेकवलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं," ते म्हणाले. "आवाज आला होता मला. म्हटलं, पोरगी म्हणते आहे तर दाखवू करून. नाहीतर माझा हात मला विचारल्याशिवाय कसला चालतोय?"

ते खांबाकडे तोंड करून बोलत होते. ती खांबाजवळ नव्हती, दारात होती. खांबामागच्या कोपऱ्यात कोंबडी खुडबुडली होती, तिकडेच ती असेल असं त्यांना वाटलं असावं.

सुनेनं माती हळूच खाली ठेवली. पावलांचा आवाज न करता ती शेड ओलांडून खांबापाशी गेली आणि आबा जिथं बघत होते, बरोबर तिथं जाऊन उभी राहिली.

"मला माहीत आहे आबा," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून भट्टी वाचली."

"मग, उगीच का." आबांनी हात पुढे केला. "आण माती."